भाड्याची गाडी आणि आपली सही

गेल्या वर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मिरजेला थोरल्या बहिणीकडे जमलो होतो. जेवणे चालू होती. माझा भाचा चाकणला एका वाहन कारखान्यात इंजिनिअर आहे. जेवता जेवता त्याने जाहीर केले, की सप्टेंबरात तो आणि त्याचे तीन मित्र जर्मनीला जाणार आहेत. कशासाठी? तर न्यूर्बुर्गरिंगवर गाडी चालवायला. व्हिसा झाला होता, फ्रँकफर्टपर्यंतची तिकिटे झाली होती. गाडीचे तेवढे बाकी होते, आणि तेही जवळपास ठरलेच होते.

"विमानतळावरच भाड्याची गाडी घेणार, मामू. स्वस्त पडते. तीच रिंगवर न्यायची, चार-पाच फेऱ्या मारायच्या आणि धुऊन परत द्यायची."

"त्यांना चालतं हे?" मी विचारले.

तो हसला. "त्यांना सांगतंय कोण?"

आमचे दुल्हाभाई, म्हणजे त्याचे वडील, गप्प जेवत होते. मिरजेत त्यांचे गॅरेज आहे, चाळीस वर्षांचे. त्यांनी मान वर न करता विचारले, "कागदावर लिहिलंय का, तिथं न्यायची नाही म्हणून?"

भाचा जरा थांबला. "लिहिलंय अब्बा. पण सगळेच नेतात."

"लिहिलंय ना?" एवढेच म्हणून त्यांनी रस्सा वाढून घेतला आणि विषय तिथेच संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. भाच्याचे म्हणणे चुकीचे आहे हे मला तेव्हाही वाटत होते, पण ते का चुकीचे आहे हे नीट सांगता येत नव्हते. म्हणून मी त्या रस्त्याबद्दल, तिथल्या नियमांबद्दल आणि भाड्याच्या गाड्यांच्या अटींबद्दल वाचून काढले. त्यातून जे मत झाले ते इथे मांडतो आहे.

आधी त्या पोराची बाजू समजून घेऊ. न्यूर्बुर्गरिंग ही काही साधीसुधी जागा नाही. जर्मनीच्या पश्चिमेला आयफेल नावाचा डोंगराळ, जंगलांचा भाग आहे. कोलोनपासून साधारण ९० किलोमीटर, फ्रँकफर्टपासून त्याच्या दुप्पट अंतर. एकेकाळी हा भाग गरीब होता, हाताला काम नव्हते. बेकारीवर उपाय म्हणून १९२५ साली इथे शर्यतीचा रस्ता बांधायला घेतला आणि १९२७ च्या जूनमध्ये त्यावर पहिली शर्यत झाली. मोटारींच्या त्या पहिल्या शर्यतीत रुडॉल्फ काराचिओला मर्सिडीज घेऊन पहिला आला. न्यूर्बुर्ग नावाच्या जुन्या किल्ल्याभोवती हा रस्ता फिरतो, म्हणून त्याचे नाव न्यूर्बुर्गरिंग.

आज ज्याला उत्तरेकडचा फेरा किंवा नॉर्डश्लाइफ म्हणतात, तो २०.८ किलोमीटरचा आहे. सत्तरहून अधिक वळणे आणि सुमारे ३०० मीटरचा चढउतार. आपल्याकडचा एखादा घाट उचलून त्याचा गोल करावा, तसे. काही वळणे अशी, की पलीकडे काय आहे ते गाडी वर चढेपर्यंत दिसत नाही. इथल्या पावसाचा नेम नाही. एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला रस्ता ओला, असे सर्रास होते. १९६८ साली धुके आणि पावसात इथली शर्यत जिंकणाऱ्या जॅकी स्टुअर्टने या रस्त्याला 'हिरवा नरक' म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले.

जगभरच्या मोटार कंपन्या नव्या गाड्या इथे आणून पारखतात. चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या पोराला या रस्त्याची ओढ वाटते, यात नवल काहीच नाही. गॅरेजात लहानाचे मोठे झालेले पोर ते. इंजिनाच्या आवाजावरून गाडी ओळखायला ते अक्षर ओळखण्याआधी शिकले. त्याने हौस करू नये असे मी म्हणणार नाही. एकाने हजची पुंजी जमवावी, दुसऱ्याने पोरांच्या शिक्षणाची, तिसऱ्याने लग्नाआधी एकदा मित्रांबरोबर दुनिया बघावी. पैसा कष्टाचा असेल, घरची देणी फिटलेली असतील, तर हौसेला नावे ठेवण्याचा अधिकार कुणाला नाही.

आणि या जागेची खरी गंमत अशी, की तिथे जायला शर्यतीतला गडी असावे लागत नाही. सुरुवातीपासूनच हा रस्ता सामान्य माणसाला खुला आहे. ज्या दिवशी शर्यत किंवा चाचणी नसते, त्या दिवशी ठरलेल्या वेळेत कुणीही लायसन्सधारक आपली गाडी घेऊन येतो, एका फेरीचे तीसएक युरो भरतो आणि फाटकातून आत शिरतो. कायद्याच्या नजरेत त्या वेळी तो शर्यतीचा मार्ग नसतो. तो असतो टोल भरून वापरायचा एकेरी वाहतुकीचा रस्ता. जर्मनीचे वाहतुकीचे नियम तिथेही लागू. उजवीकडून चालायचे, डावीकडूनच पुढे जायचे, वाटेत थांबायचे नाही. शर्यत लावायला मनाई आणि फेरीला किती वेळ लागला हे घड्याळ लावून मोजायलाही मनाई. बहुतेक ठिकाणी वेगाला मर्यादा नाही, पण बेफिकिरीला आहे.

इथेच भाच्याच्या मित्राने आपला युक्तिवाद बसवला होता. हा जर साधा टोलचा रस्ता असेल, तर भाड्याच्या गाडीने त्यावर जायला हरकत काय? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नेतो तशीच नेली.

हरकत करारात आहे. भाड्याने गाड्या देणाऱ्या नेहमीच्या कंपन्यांच्या अटींत शर्यतीच्या मार्गांवर गाडी नेण्यास मनाई असते. कित्येक करारांत न्यूर्बुर्गरिंगचे नाव घेऊन ती घातलेली असते, म्हणजे पळवाट शोधायलाही जागा नाही. त्या अटीवर आपण सही करतो. काउंटरवरची मुलगी घाईत असते, मागे रांग असते, विमानप्रवासाने डोळे जड झालेले असतात. तरी सही आपलीच. अट मोडली की गाडीच्या नुकसानीपासून मिळणारे संरक्षण गेले. भाडे ठरवताना आपण जे जादा पैसे 'काही झाले तरी काळजी नाही' म्हणून भरलेले असतात, ते त्या फाटकातून आत जाताक्षणी पाण्यात.

आता नुसती कल्पना करा. भाच्याच्या हातून एका ओल्या वळणावर गाडी निसटली आणि कडेच्या लोखंडी कठड्याला घासली. कुणाला खरचटलेही नाही, असे धरू. गाडीची दुरुस्ती, नाहीतर तिची पूर्ण किंमत, त्याच्या अंगावर. वाकलेल्या कठड्याचे बिल वेगळे. गाडी ओढून नेण्याचे वेगळे. पोलीस येतात, जबाब होतो. आणि हे सगळे युरोत. चार महिन्यांच्या पगारातून जमवलेली सहल चार वर्षांच्या हप्त्यांत जाऊ शकते. कर्ज मग कोण फेडणार? पोरगा एकटा नाही फेडत. मिरजेच्या गॅरेजात साठीतला एक माणूस आणखी काही वर्षे गाड्यांखाली झोपतो.

घरच्या नुकसानीचे एवढे. मला त्याहून महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. गाडी आपटली, इंजिनाखालचे तेल रस्त्यावर सांडले. मागून येणारा ते पाहू शकत नाही, कारण वळण आंधळे आहे. त्या मागच्या गाडीत कुणीही असेल. मुलाला शेजारी बसवून आलेला बापही असेल. जर्मनीत प्रत्येक गाडीला दुसऱ्यांच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे, त्यामुळे त्याला भरपाई मिळेल. पण ती ज्या कंपनीच्या माथी बसेल, तिने ही जोखीम कधी पत्करलीच नव्हती. उलट लेखी नाकारली होती. म्हणजे आपली मजा, पण तिची किंमत अशा माणसाच्या खिशातून, ज्याने 'नाही' म्हटले होते. याला आपण एरवी काय म्हणतो, ते वाचकांना सांगायला नको.

यावर भाच्याने मला फोनवर जे उत्तर दिले, ते मी प्रामाणिकपणे इथे देतो, कारण ते पोकळ नाही. तो म्हणाला, "मामू, या कंपन्या तरी कुठं सरळ असतात? जुना ओरखडा दाखवून पैसे कापतात, टाकी थोडी कमी दिसली की दंड लावतात. त्यांच्याशी आपणच का साधं वागायचं?"

असे होते हे खरे आहे. परदेशात भाड्याची गाडी घेतलेल्या कुणालाही विचारा, तक्रार निघेलच. पण त्याचा उपाय वेगळा आहे. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी फोटो काढा, ओरखडे कागदावर लिहून घ्या, परत देताना पावती मागा, खोटा दंड लावला तर भांडा. समोरचा लबाड आहे म्हणून आपणही लबाडी करायची, हा हिशोब मांडायला लागलो तर आपल्या किराणा दुकानदारापासून सरकारपर्यंत कुणाशीच खरे वागण्याचे कारण उरत नाही. आणि एक विचारतो. कंपनी लबाड असती म्हणून तुम्ही अट मोडणार होता, की फेरी स्वस्तात पडते म्हणून? भाच्याने यावर खूप वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाला, "स्वस्तात पडते म्हणून." पोरगा मुळात सरळ आहे.

"सगळेच नेतात" हे दुसरे उत्तर. नेत असतीलही. काही जण पकडलेही जातात. वळणावळणांवर छायाचित्रकार उभे असतात आणि फोटोत गाडीचा नंबर येतो. पण पकडले जाऊ की नाही, हा प्रश्नच नव्हे. दुल्हाभाईंनी विचारला तो प्रश्न खरा: लिहिलंय ना?

मग या हौशीने जाणाऱ्याने करावे काय? रस्ता आहे, आणि तो सरळ आहे. म्हणूनच आडवाटेने जाणाऱ्याचे मला जास्त आश्चर्य वाटते.

न्यूर्बुर्गच्या आसपासच्या गावांत याच कामासाठी गाड्या भाड्याने देणारे व्यावसायिक आहेत. गाडी रिंगवर जाणार हे त्यांना माहीत असते; त्याचसाठी ती तयार केलेली असते. चांगले ब्रेक, चांगली चाके, घट्ट धरून ठेवणाऱ्या सीट, काहींत आतून लोखंडी पिंजरा. लहान, हलक्या गाड्याही मिळतात, आणि नवख्याने तीच घ्यावी. फेऱ्यांच्या हिशोबाने पैसे घेतात. आधी नियम समजावून सांगतात. नुकसान झाले तर तुमच्यावर जास्तीत जास्त किती बसेल, तो आकडा आधीच कागदावर असतो. आकडा लहान नसतो, कित्येकदा काही हजार युरोंचा असतो. पण तो दिसतो. कठड्याचे आणि गाडी ओढण्याचे पैसे त्यात आहेत की वेगळे, हे सही करण्याआधी स्पष्ट विचारून घ्यावे. चौघांपैकी कोण चालवणार, त्या प्रत्येकाचे नाव करारात असावे. नाव नसलेल्याने 'एकच फेरी' म्हणून चाक हातात घेतले, की पुन्हा तेच पाप.

विमानतळावरची साधी गाडी घ्यायला काहीच हरकत नाही. ती फ्रँकफर्टहून न्यूर्बुर्गपर्यंत जायला, हॉटेलला, बाजाराला. रिंगपाशी आलात की ती बाहेर वाहनतळावर उभी राहील आणि आत जाईल ती दुसरी. खर्च वाढतो, कबूल. पाच फेऱ्यांऐवजी दोनच परवडतील. मग दोनच माराव्यात. दहा रुपयांची भूक असेल आणि खिशात चार असतील, तर माणूस चारचेच खातो.

कागदांचेही बघावे लागते. आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, त्याची मुदत एक वर्ष, आणि मूळ लायसन्स सोबत हवेच. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो आपण काढतोच; पण त्यातही धोक्याच्या खेळांबद्दल काय म्हटले आहे ते बारीक अक्षरांत वाचावे. क्रेडिट कार्डावर अनामत रक्कम अडकते, त्यामुळे सगळ्या सहलीचा खर्च त्याच कार्डावर टाकू नये. रिंग कोणत्या दिवशी, किती वाजता खुली आहे याचे वेळापत्रक आधी बघूनच तिकिटे काढावीत. अपघात झाला की रस्ता मध्येच बंद होतो, म्हणून एक दिवस हातचा ठेवावा.

आणि आपल्या लोकांना विसर पडतो अशी गोष्ट: तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि स्टिअरिंग डावीकडे असते. गिअर उजव्या हाताने टाकायचा. आरशात बघायची सवय उलटी. मागून दुप्पट वेगाने येणाऱ्या गाडीला वाट द्यायची ती उजवीकडे सरकून. वीस वर्षे डाव्या बाजूने चालवलेला माणूस घाबरल्या क्षणी डावीकडेच वळतो, आणि तिथे डावीकडे तो वेगवान माणूस असतो. म्हणून आधी एक-दोन दिवस साध्या रस्त्यांवर हात बसवावा. पहिली फेरी तर तिथल्या तरबेज चालकाच्या शेजारी बसून मारावी. त्यात कमीपणा नाही. याच रस्त्याच्या कडेला लहानाची मोठी झालेली जाबीने श्मित्झ हिने १९९६ आणि १९९७ साली इथली चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या चमूतून गाडी चालवली, आणि पुढे वर्षानुवर्षे पाहुण्यांना शेजारी बसवून ती या रस्त्यावर फिरवत असे. ती २०२१ साली गेली. अशा लोकांच्या शेजारी बसायला मिळणे, हेच आपल्यासारख्यांना पुष्कळ आहे.

त्या रस्त्याचा इतिहास वाचताना मला एक प्रसंग फार भिडला. १९७६ च्या ऑगस्टमध्ये निकी लाउडाची गाडी तिथे आपटून पेटली. रस्ता इतका लांब, की मदत लगेच पोचणे शक्य नव्हते. शर्यतीच्या आधी लाउडाने नेमके हेच सांगितले होते, ही जागा सुरक्षित नाही, शर्यत घेऊ नका; पण बाकीच्यांनी ऐकले नाही. आगीतून त्याला बाहेर काढले ते मागून येणाऱ्या चालकांनी. आर्तुरो मेर्झारिओ, गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर आणि हाराल्ड एर्टल. आपापल्या गाड्या थांबवून ते ज्वाळांत शिरले. सहा आठवड्यांनी लाउडा जळलेल्या चेहऱ्याने पुन्हा शर्यतीत उतरला आणि चौथा आला. फॉर्म्युला वन मात्र त्या जुन्या फेऱ्यावर परत गेली नाही.

या प्रसंगातून मला एवढेच कळले, की त्या रस्त्यावर प्रत्येक जण मागून येणाऱ्याच्या आणि पुढे असणाऱ्याच्या भरवशावर असतो. वेगाची मोकळीक तिथे आहे ती म्हणूनच. टोल भरणारा, उजवी बाजू धरणारा, वाट देणारा, आपल्या गाडीची जबाबदारी उघडपणे घेणारा माणूस आहे, म्हणून तो रस्ता जवळजवळ शंभर वर्षे सामान्यांना खुला राहिला आहे. खोटे सांगून आत शिरणारा त्या भरवशावर फुकट जगतो.

आणि हे आपल्याला नवे आहे का? आपल्या समाजातली किती घरे गॅरेजवर, ड्रायव्हरकीवर, सुट्या भागांच्या दुकानांवर उभी आहेत. त्या धंद्याचा पाया एकच: गिऱ्हाईक चावी देऊन निश्चिंत घरी जाते. दुल्हाभाईंकडे कामाला आलेल्या एका पोराने कधीतरी 'ट्रायल' म्हणून गिऱ्हाईकाची गाडी सांगलीपर्यंत फिरवून आणली होती. गाडीला काही झाले नव्हते. गिऱ्हाईकाला कळलेही नसते. दुल्हाभाईंनी त्या पोराला घेऊन गिऱ्हाईकाचे घर गाठले, झाले ते सांगितले आणि मजुरी घेतली नाही. गाडी अमानत आहे, हे वाक्य आम्ही भिंतीवर लावत नाही, पण त्या गॅरेजात चाळीस वर्षे गिऱ्हाईक येते ते त्याच्याच जोरावर. ती अमानत मिरजेत पाळायची आणि फ्रँकफर्टला सोडून द्यायची, असे कसे चालेल? जर्मन कंपनीचा मालक आपल्या ओळखीचा नाही, एवढाच काय तो फरक.

भाचा आणि मित्र सप्टेंबरात जाऊन आले. विमानतळावरची गाडी वाहनतळावर ठेवली, तिथली एक लहान गाडी चौघांत मिळून घेतली. पैसे ठरवल्यापेक्षा बरेच जास्त गेले आणि भाच्याच्या वाट्याला मोजून दोन फेऱ्या आल्या. तिसरी पावसाने आणि कुणाच्या तरी अपघाताने बुडाली. तो अजूनही हळहळतो. "मामू, त्या दुसऱ्या गाडीनं पाच झाल्या असत्या," असे परवाही म्हणाला.

झाल्या असत्या. मी नाही म्हणालो नाही. पण परत आल्यावर त्याने बापाला फेरीचा फोटो दाखवला, तेव्हा दुल्हाभाईंनी चष्मा लावून आधी गाडी बघितली, मग नंबर बघितला आणि विचारले, "ही कुणाची?"

"तिथल्याच माणसाची, अब्बा. त्याला सांगून घेतलेली."

दुल्हाभाईंनी फोटो आणखी मोठा केला आणि चाकांबद्दल विचारायला सुरुवात केली. त्या रात्री ते दोघे बारापर्यंत वळणांबद्दल बोलत बसले होते.